परळचे उंदीर आणि टी पेशीची नजर

वऱ्हाडातल्या चिखलीच्या सरकारी दवाखान्यात एखाद्या मुलाला क्षयाची शंका आली, की त्याच्या हातावर कोपराच्या खाली, कातडीच्या आतल्या आत क्षयाच्या जंतूच्या निर्जीव अर्काचं एक बारीकसं इंजेक्शन देतात. ही मँटू चाचणी. टोचल्यावर त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी दाखवायला या, एवढंच सांगून आईला घरी पाठवतात. ती मेरा किंवा अमडापूरकडून आलेली असली, तर परतीच्या एसटीत तिच्या मनात हाच प्रश्न घोळत असणार की आजच्या आज का नाही कळत? तिसऱ्या दिवशी टोचल्या जागी कडक गाठ उठलेली असली तर ती पट्टीने मोजतात. १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली, तर या शरीराची क्षयाच्या जंतूशी गाठ पडलेली आहे असं धरतात.

आईचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि शास्त्रज्ञांनाही तो फार वर्षं पडला होता. एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असली तर काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, कारण रक्तातली प्रतिपिंडं तयारच असतात. मग क्षयाच्या या निर्जीव अर्काला उत्तर द्यायला शरीर दोन दिवस का घेतं? १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं, की अशा उशिरा उठणाऱ्या प्रतिक्रियेचा गुण एका प्राण्यातून दुसऱ्यात रक्तद्रवाने जात नाही, जिवंत पेशींनी जातो. म्हणजे गाठ उठवणारं जे काही आहे ते रक्तात विरघळलेलं नाही. ती पेशी आहे. ती चालत येते, जमते, इतर पेशींना बोलावते, आणि या सगळ्याला वेळ लागतो. आज आपण तिला टी पेशी म्हणतो. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत ती घडते. त्या ग्रंथीचं हे काम १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून सिद्ध केलं. तोवर वैद्यकाच्या पुस्तकांत तिला निकामी अवयव समजत.

खरा पेच त्यापुढचा होता. ही टी पेशी नेमकं काय पाहते? त्याचं उत्तर उंदरांनी दिलं आणि तेही कोणत्याही उंदरांनी नाही. घराच्या कणगीत शिरणाऱ्या उंदरांमध्ये एकाचा रक्तगट एक, दुसऱ्याचा दुसरा. त्यांच्यावर केलेल्या प्रयोगात कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही. त्यासाठी भावा-बहिणींचा संकर सलग २० पिढ्या करून घडवलेले, एकमेकांशी जुळ्यांसारखे तंतोतंत जुळणारे उंदीर लागतात. असा पहिला वंश क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ साली अमेरिकेत सुरू केला. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठं साधन हेच वाटतं. सूक्ष्मदर्शकं बदलली, यंत्रं बदलली, पण पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर बाप कोण, आई कोण, पिढी कितवी हे रोज न चुकता लिहिणाऱ्या माणसांवाचून पुढची एकही गोष्ट घडली नसती.

१९३६ च्या सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पीटर गोरर नावाचा तरुण वैद्यकीय संशोधक अशा तीन वंशांच्या उंदरांचं रक्त तपासत होता. त्याला या वाटेवर आणणारे जे. बी. एस. हाल्डेन. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले आणि इथलेच झाले. गोररला उंदरांच्या तांबड्या पेशींवर एक खूण सापडली. तिला त्याने दुसरा क्रमांक दिला. एका वंशाच्या उंदराची कर्करोगाची गाठ दुसऱ्यात लावली की ती टिकते की गळून पडते, हे त्या खुणेवर ठरतं, असं त्याच्या ध्यानात आलं. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेल याच प्रश्नाच्या मागे लागले होते. दोघांनी मिळून १९४८ साली या जनुकाची गुणसूत्रावरची जागा सांगितली आणि त्याला एच-२ हे नाव मिळालं. मधल्या काळात, १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये, जॅक्सन प्रयोगशाळेला वणव्याने गाठलं. बहुतेक सगळे उंदीर जळाले. त्या प्रयोगशाळेने पूर्वी जगभर जे उंदीर वाटले होते त्यांचीच पिल्लं निरनिराळ्या देशांतून परत आली आणि वंश पुन्हा उभे राहिले. स्नेल यांनी मग अतिशय चिकाटीने असे जोड-वंश तयार केले, की दोन उंदरांत बाकी सगळं सारखं आणि फरक फक्त एच-२ या एका जागेचा. १९८० साली त्यांना नोबेल मिळालं. गोरर १९६१ सालीच गेले होते.

याच काळात मुंबईत परळला उंदीर पाळले जात होते. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, यांनी फर्ग्युसनमध्ये आणि मग शेतकी महाविद्यालयात शिक्षण घेतलं. एमएस्सीला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा अभ्यास केला होता. मुंबईला आल्यावर टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांचं सगळं आयुष्य कर्करोगाकडे वळलं. १९४९ साली पीएचडी झाली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशी काचेत वाढवायला शिकल्या. तिथून त्या परत आल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि तिच्या जोडीला उंदीरघर.

रणदिवेबाईंचा विषय होता मादी उंदरांतला स्तनाचा कर्करोग. काही वंशांत तो पिढ्यान्‌पिढ्या होतो आणि काहींत जवळपास होत नाही. १९३६ साली जॉन बिटनर यांनी दाखवलं होतं, की कर्करोगी वंशाचं पिल्लू जन्मल्याबरोबर दुसऱ्या वंशाच्या आईच्या दुधावर वाढवलं तर त्याला हा रोग क्वचितच होतो. म्हणजे दुधातून काहीतरी उतरतं. त्याला तेव्हा नुसतं दुधातला घटक म्हणत. पुढे तो विषाणू निघाला. दूध, संप्रेरकं आणि वंश यांचं गणित रणदिवेबाई परळला मांडत राहिल्या. विषाणू, संप्रेरक आणि कर्करोग यांचं नातं त्यांनी अशा वेळी धरलं, की जेव्हा कर्करोगाला विषाणू कारण असू शकतो हे मानायला बरेच जण तयार नव्हते. संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी म्हणून ओळखला जाणारा उंदरांचा एक वंशही परळलाच घडला. तीच अक्षरं एका जंतूलाही मिळाली. महारोग्यांच्या शरीरातून १९५८ साली वेगळा काढलेला हा आयसीआरसी जंतू. महारोगाचाच तो जंतू की दुसराच कुठला, हा वाद राहिला. पण डॉ. माधव देव यांनी त्यापासून लस केली, आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या तौलनिक चाचणीत १९९८ साली तिने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचं जाहीर झालं. त्याच चाचणीत नुसत्या बीसीजीने दिलं होतं ३४.१ टक्के.

महारोगाचा विषय वऱ्हाडाच्या माणसाला परका नाही. वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन ही नावं आमच्याकडे घराघरांत आहेत. टी पेशी काय करते हे समजायला महारोगासारखा दुसरा आजार नाही. जंतू तोच. एका माणसाच्या टी पेशी त्याला ओळखतात, त्याच्या अंगावर एखाद-दोन बधिर चट्टे येतात आणि जंतू जेमतेम सापडतो. दुसऱ्याच्या टी पेशी त्याकडे पाहतच नाहीत. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात, तरी जंतू सगळ्या अंगावर पसरतो. एवढी मोठी गोष्ट ओळखण्यावर ठरते.

१९७३-७४ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या जॉन कर्टिन संस्थेत पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल एका खोलीत काम करत होते. डोहर्टी क्वीन्सलंडचे जनावरांचे डॉक्टर, झिंकरनागेल स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे वैद्य. उंदरांना मेंदूच्या आवरणाचा दाह करणाऱ्या एका विषाणूची लागण ते करत, मग त्या उंदरांच्या टी पेशी काढून विषाणू लागलेल्या पेशींवर सोडत. त्या पेशींत आधी किरणोत्सारी क्रोमियम भरलेलं असे. पेशी फुटली की क्रोमियम बाहेर येई. म्हणजे किती पेशी मेल्या हे मोजता येई. मग त्यांनी हाच प्रयोग वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांवर करून पाहिला. निकाल विचित्र होता. लागण झालेली पेशी टी पेशीच्या स्वतःच्याच एच-२ ची असेल तरच टी पेशी तिला मारते. विषाणू तोच, लागण तीच, पण पेशी परक्या एच-२ ची असेल तर टी पेशी तिच्या बाजूने निघून जाते. १९ एप्रिल १९७४ च्या नेचरमध्ये हे छापून आलं. १९९६ साली दोघांना नोबेल मिळालं.

याचा अर्थ लावणं सोपं नव्हतं. अवयव बदलताना आडवे येणारे हे एच-२ रेणू निसर्गाने काय डॉक्टरांना त्रास द्यायला ठेवले असतील? कॅनबेराच्या प्रयोगाने त्यांचं खरं काम पुढे आलं. टी पेशी जंतू नुसता पाहत नाही, तो आपल्याच रेणूच्या सोबतीने पाहते. पण सोबत म्हणजे कशी? दोन वेगळ्या गोष्टी दोन डोळ्यांनी, की दोन्ही मिळून झालेली एकच? दहा-बारा वर्षं हा वाद चालला. १९८४ साली टी पेशी ज्याने ओळखते त्या तिच्यावरच्या ग्राहक रेणूचं जनुक सापडलं, उंदरात आणि माणसातही. १९८५ साली सेंट लुईसला एमिल उनान्वे यांच्या प्रयोगशाळेत उंदराचा असा रेणू आणि प्रथिनाचा तुकडा एकमेकांना खरोखर चिकटतात हे दिसलं. १९८७ साली हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएलए-ए२ या रेणूचं चित्र मिळवलं (उंदरात जे एच-२, ते माणसात एचएलए). वरच्या बाजूला एक खोबण, आणि खोबणीत आधीच काहीतरी बसलेलं. चिखलीच्या बाजार समितीत व्यापारी पोत्यातून मूठभर सोयाबीन काढून तळहातावर धरतो तसं हे आहे. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि नमुना बाहेर धरते. टी पेशी दाणा पाहते आणि तळहातही पाहते. दाणा ओळखीचा पण हात परका असला, तर ती थांबत नाही.

पण मग निरोगी शरीरात, जिथे जंतूच नाही, तिथे त्या खोबणीत काय असतं? माझं मन मुख्यतः इथे गुंतलं आहे, आणि ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

अमेरिकेत येल विद्यापीठात चार्ल्स जेनवे यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या शेवटी पुण्यात डॉक्टर झालेले सत्यजित रथ काम करत होते. तिथे उंदरांच्या रेणूंविरुद्ध बनवलेलं एक प्रतिपिंड होतं, वाय-एई नावाचं. ते उंदराच्या आय-ए नावाच्या रेणूला चिकटे. एच-२ मधलाच हा रेणू, बी प्रकारचा. चिकटणं काही विशेष नव्हतं. विशेष हे होतं, की ते सगळीकडे चिकटत नसे. थायमसच्या गाभ्यात चिकटे, बाहेरच्या थरात नाही, आणि आय-ए तर दोन्हीकडे सारखाच होता. १९८९ साली मर्फी, रथ, जेनवे आणि इतरांनी हे कोडं नेचरमध्ये मांडलं. थायमसचा बाहेरचा थर आणि गाभा यांत टी पेशींची निवड वेगवेगळी होते. बाहेरच्या थरात उपयोगी पेशी पुढे पाठवल्या जातात, गाभ्यात आपल्याच अंगावर उलटणाऱ्या मारल्या जातात. त्यामुळे एकाच रेणूचं रूप दोन जागी वेगळं असणं ही साधी बाब नव्हती.

उत्तर पुन्हा वंशावळीतून निघालं. सी-५७ काळ्या उंदरांत आय-ए असतो, पण त्यांचा आय-ई हा दुसरा रेणू तयारच होत नाही, कारण त्याच्या अल्फा साखळीचं जनुक त्यांच्यात बिघडलेलं आहे. या उंदरांच्या पेशींवर वाय-एई चिकटतच नसे. आय-ई असलेल्या वंशाशी त्यांचा संकर केला, की पिल्लांच्या पेशींवर ते लगेच चिकटे. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये अलेक्झांडर रुडेन्स्की, सत्यजित रथ, पॉला प्रेस्टन-हर्लबर्ट, डोनाल्ड मर्फी आणि जेनवे यांनी नेचरमध्ये सांगितलं, की हे प्रतिपिंड पाहतंय तो आय-ए रेणू एकटा नाही. त्याच्या खोबणीत आय-ई च्या अल्फा साखळीचाच एक तुकडा बसलेला आहे, १७ अमिनो आम्लांचा. रोगप्रतिकारव्यवस्थेचा एक रेणू, दुसऱ्या रेणूच्या हातात. आणि असे भरलेले रेणू थोडेथोडके नाहीत, आय-ए च्या एकूण रेणूंपैकी जवळपास दहापैकी एक तरी तसा. त्याच अंकात रुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या या रेणूंतून प्रत्यक्ष तुकडे काढून, ओळीने वाचून दाखवले. तेही बहुतेक उंदराच्या स्वतःच्याच प्रथिनांचे होते. खोबण कधीच रिकामी नसते. जंतू नसताना तिथे आपण स्वतःच असतो.

म्हणजे थायमसमध्ये घडणारी टी पेशी जन्मभर जे पाहत वाढते ते बहुतेक स्वतःचंच. जंतूचा तुकडा हा अपवाद, आणि त्या गर्दीतून तो ओळखायचा. मँटूच्या गाठीला दोन दिवस लागतात त्यात आता नवल वाटत नाही. नवल हे, की ती गाठ मुळात उठते.

तेच १९९१ साल परळच्या त्या जुन्या विषयालाही लागू पडलं. टी पेशींच्या अभ्यासकांना एक गोष्ट छळत होती. काही वंशांच्या उंदरांत टी पेशींचे पूर्ण गटच्या गट गायब असत, आणि ते घडवणारा आतला घटक कुणाला सापडत नव्हता. डेन्व्हरमध्ये फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅप्लर यांच्या प्रयोगशाळेत आणि त्याच वेळी इतरही ठिकाणी तो सापडला. तो निघाला स्तनाच्या कर्करोगाचा तो दुधातला विषाणू. त्याचं एक प्रथिन पेशीवरच्या आय-ई सारख्या रेणूला आणि टी पेशीच्या ग्राहकाला खोबणीच्या बाहेरूनच जोडून टाकतं. सी-३-एच वंशाच्या मादीचं दूध पिऊन वाढलेल्या पिल्लांत टी पेशींचा एक ठरावीक गट नाहीसा होतो, दुसऱ्या आईच्या दुधावर वाढलेल्यांत तो राहतो. हे वाचताना मला परळच्या उंदीरघरात आईपासून पिल्लं वेगळी करणारे हात आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांना टी पेशी हे नाव माहीत असण्याच्या आधीपासून ते टी पेशीचाच प्रयोग करत होते.

रणदिवेबाई १९८२ साली पद्मभूषण झाल्या. १९७३ साली त्यांनी इतर शास्त्रज्ञ स्त्रियांबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना उभी केली, निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१ साली त्या गेल्या. परळची संशोधन संस्था नवी मुंबईत खारघरला हलली, अ‍ॅक्ट्रेक या नावाने. सत्यजित रथ दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिकारशास्त्र संस्थेत अनेक वर्षं काम करून पुण्याला परतले. मराठीत ते लिहितात, बोलतात, आणि अशा विषयांवर मराठीत बोलणारे हवेतच.

चिखलीच्या माणसाला टाटा म्हटलं की परळच कळतं. रेल्वे चिखलीला नाही. एसटीने मलकापूर, तिथून विदर्भ एक्सप्रेस, अशी ही वाट आमच्याकडच्या कितीतरी घरांनी तुडवली आहे. त्या वाटेने जाणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका नव्या उपचाराला सरकारी परवानगी मिळाली. आयआयटी मुंबईतून निघालेली इम्युनोअ‍ॅक्ट कंपनी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तो घडवला. नेक्सकार-१९ हे त्याचं नाव. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांत एका कृत्रिम ग्राहकाचं जनुक घालायचं आणि पेशी परत द्यायच्या. हा ग्राहक सीडी-१९ ओळखतो, बी पेशींवरचा रेणू. म्हणजे रोगप्रतिकारव्यवस्थेची एक पेशी त्याच व्यवस्थेच्या दुसऱ्या पेशीवर धाडली जाते. आणि इथे कॅनबेराची अट उरत नाही. कृत्रिम ग्राहकाला खोबण लागत नाही, तो थेट पाहतो. माणसाला देण्याआधी या पेशीही उंदरांत तपासल्या होत्याच. परदेशात अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात, इथे खर्च त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आला. शेतकऱ्याच्या घराला तोही न पेलणारा आहे.

थेट पाहणाऱ्या ग्राहकाला मात्र फक्त पेशीच्या पृष्ठभागावरचं दिसतं. कर्करोगाची बरीच प्रथिनं पेशीच्या आत असतात आणि खोबणीत बसल्याशिवाय बाहेर येत नाहीत. त्यांच्यासाठी संशोधक परत टी पेशीच्या मूळ ग्राहकाकडे वळले आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सांध्यांजवळच्या मऊ उतींत होणाऱ्या एका कर्करोगावर असा पहिला उपचार मंजूर झाला. पण तो देण्याआधी रुग्णाचा एचएलए तपासावा लागतो. ज्या ए-२ चं चित्र १९८७ साली मिळालं, त्याचे ०२:०१ आणि आणखी तीन उपप्रकार असतील तरच तो चालतो. भारतीयांत ठळकपणे आढळणारा ०२:११ हा उपप्रकार त्या यादीत नाही. मलकापूरला गाडीत बसणाऱ्या माणसासाठी असा ग्राहक करायचा असेल, तर तो इथल्या रेणूंवर, इथल्याच कुठल्यातरी प्रयोगशाळेत करावा लागेल.